आधी विचारावे, मग वाढावे : शेंगदाणा-काजूची ॲलर्जी असलेले मूल, त्याचे घर आणि प्रवास

पाहुण्याला आग्रहाने वाढणे ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. त्यातून पाहुणा लहान मूल असेल, तर त्याच्या हातावर लाडू, वडी किंवा मूठभर शेंगदाणे ठेवल्याशिवाय घरातील वडील मंडळींना चैन पडत नाही. या रीतीत प्रेम आहे आणि ती टिकावी असेच कोणालाही वाटेल. परंतु आपल्या गावांत अशीही काही मुले आहेत, की ज्यांच्या बाबतीत हा एक लाडू प्राणावर बेतू शकतो. शेंगदाणा, काजू, बदाम, अक्रोड, पिस्ता यांपैकी एखाद्या पदार्थाची तीव्र ॲलर्जी असलेली ही मुले होत. पाश्चात्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा विकार कमी आढळतो. मात्र तो कमी आढळतो म्हणूनच त्याची माहितीही कमी आहे, आणि माहितीच्या अभावी धोका वाढतो.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील, फोंडा तालुक्यातील एका कुटुंबाचे उदाहरण येथे देणे उचित होईल. घरातील मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. एकादशीच्या दिवशी आजीने त्याला कौतुकाने दाण्याचा लाडू दिला. पाच-दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या. पित्त उठले असे समजून आजीने आमसुलाचे पाणी अंगाला चोळले. मग ओठ सुजले, वांती झाली. दृष्ट लागली असे कोणी म्हणाले. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. मुलाचा आवाज घोगरा झाला आणि तो धापा टाकू लागला, तेव्हा शेजाऱ्याने आपली गाडी काढली. रुग्णालयात डॉक्टरांनी मांडीत एक इंजेक्शन दिले आणि थोड्याच वेळात मुलाचा श्वास मोकळा झाला. मूल वाचले; परंतु त्या दिवसापासून आजीने नातवाला आपल्या हाताने भरवणे सोडले. दोष आजीचा नव्हता. तिला कोणी काही सांगितलेलेच नव्हते. जे तिला सांगावयास हवे होते, ते सर्वांस सांगावे हा या पाठाचा हेतू आहे.

ॲलर्जी म्हणजे काय

रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारी एक यंत्रणा शरीरात असते. काही व्यक्तींच्या बाबतीत ही यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंज सुरू करते. या विपरीत प्रतिक्रियेला 'ॲलर्जी' हे नाव व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली दिले. तिच्या अत्यंत तीव्र व सर्व शरीर व्यापणाऱ्या रूपाला 'ॲनाफायलॅक्सिस' म्हणतात. हा शब्द त्यापूर्वी, १९०२ साली, शार्ल रिशे व पॉल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी योजला. या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ चा नोबेल पुरस्कार मिळाला. रक्तातील ज्या घटकामुळे ही प्रतिक्रिया घडते, त्या 'आयजीई' नावाच्या प्रतिपिंडाचा शोध १९६६ च्या सुमारास अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने लावला. तात्पर्य, हा विकार म्हणजे मुलाचा हट्ट नव्हे, खाण्याचे नखरे नव्हेत आणि दृष्टही नव्हे. तो शरीराचा धर्म आहे.

शेंगदाणा आणि काजू ही दोन्ही पिके दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आली. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला काजू गोव्याच्या डोंगरउतारांवर इतका रुजला, की तो परका आहे हे आज कोणास सांगूनही पटणार नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंगदाणा हा तूर, मूग, चणे यांचा भाऊबंद आहे. काजू हे आंबा व बिब्बा यांच्या कुळातील झाडाचे बी आहे. म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यास काजू बाधेलच असे नाही आणि काजू बाधणाऱ्यास शेंगदाणा बाधेलच असेही नाही. मात्र काजू आणि पिस्ता यांचे नाते फार जवळचे असल्याने एक बाधल्यास दुसरा बहुधा बाधतो. नारळाची गोष्ट निराळी आहे. यांपैकी बहुतेक मुलांना नारळ चालतो. तरीही डॉक्टरांना विचारूनच तो द्यावा.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. काजूच्या हंगामात बोंडाची बी हाताळताना टरफलातील तेल लागून कातडी भाजते, फोड येतात. तो त्या तेलाचा दाह होय. खाण्यातील ॲलर्जीशी त्याची गल्लत करू नये. उलट भाजल्याने, तळल्याने वा शिजवल्याने दाण्यातील दोष जातो, ही समजूतही खरी नाही. भाजलेला शेंगदाणा तितकाच, किंबहुना अधिकच बाधतो.

लक्षणे आणि पहिला उपचार

पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत, क्वचित दोन तासांपर्यंत, लक्षणे दिसू लागतात. अंगावर गांधी उठणे, खाज सुटणे, ओठ वा डोळे सुजणे, एखादी वांती होणे ही सौम्य लक्षणे होत. आवाज घोगरा होणे, सतत खोकला येणे, छातीत सूं-सूं आवाज येणे, धाप लागणे, गिळता न येणे, मूल पांढरेफटक पडणे, गळून जाणे किंवा भोवळ येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अंगावर गांधी उठल्याच नाहीत, तरीही ॲनाफायलॅक्सिस होऊ शकतो हे ध्यानी ठेवावे.

यावर पहिले औषध एकच, आणि ते म्हणजे ॲड्रेनलीनचे इंजेक्शन. ते मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस स्नायूत देतात. पित्ताच्या गोळीने खाज थांबते, बंद होत चाललेला श्वास मात्र मोकळा होत नाही. आमसुलाच्या पाण्याने त्वचेला गारवा मिळतो, पण त्यात मोलाचा वेळ जातो. परदेशांत हे औषध भरलेली तयार पिचकारी पालक जवळ बाळगतात. आपल्याकडे ती सर्वत्र सहज मिळत नाही. परंतु ॲड्रेनलीनची साधी कुपी स्वस्त असून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे. लसीकरणाच्या ठिकाणी ठेवलेल्या तातडीच्या संचातही हे औषध असते. काही डॉक्टर कुपी व सुई पालकांजवळ देऊन ती कशी वापरावी हे शिकवतात. औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. ती डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी, आणि वजन वाढेल तशी बदलून घ्यावी.

इंजेक्शन दिल्यावर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलाला आडवे निजवून पाय थोडे उंच ठेवावेत. धाप लागत असेल तर बसते ठेवावे. वांती होत असेल तर कुशीवर वळवावे. त्याला उभे करू नये, चालवत नेऊ नये. पाच ते पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास दुसरी मात्रा द्यावी लागते. मूल बरे दिसू लागले तरी रुग्णालयात जाणे टाळू नये. कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात.

घरातील व्यवस्था

निदान झाले की प्रथम घरात एकमत झाले पाहिजे. आईने जपावे आणि काकांनी चोरून चिक्की द्यावी, असे चालणार नाही. "थोडेसे खाल्ल्याने काय होते?" हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो. याचे उत्तर असे, की थोड्यानेही होते. आणि सवय लागावी म्हणून घरी प्रयोग करणे तर घातकच आहे.

पुष्कळ कुटुंबे तो पदार्थ घरातून वर्ज्य करतात. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी दाण्याच्या कुटाचा डबा झाकणाचा व उंचावर ठेवावा, खलबत्ता किंवा मिक्सरचे भांडे वेगळे राखावे आणि एका पातेल्यातील पळी दुसऱ्या पातेल्यात घालू नये. काकडीच्या कोशिंबिरीत कूट घालण्यापूर्वी मुलाचा वाटा बाजूला काढावा. घाण्यावरील शेंगदाण्याच्या तेलात प्रथिनांचा अंश राहतो; यास्तव ते टाळावे. हात साबण आणि पाण्याने धुवावेत. निर्जंतुक करणाऱ्या द्रवाने जंतू मरतात, परंतु दाण्याचा अंश हातावर तसाच राहतो.

भावंडांचाही विचार व्हावा. एकासाठी सर्वांचे सर्व बंद झाले, तर मुलाच्या वाट्याला भावंडांचा राग येतो. दुसऱ्या मुलाला त्याच्या आवडीची चिक्की आजोळी किंवा बाहेर खाऊ द्यावी, आणि परत आल्यावर हात-तोंड धुण्याची शिस्त लावावी. तसेच एका दाण्याची ॲलर्जी आहे म्हणून तपासणीवाचून दहा पदार्थ वर्ज्य करू नयेत. त्वचेवरील किंवा रक्ताची चाचणी केवळ कल दर्शवते. खाल्ल्यावर प्रत्यक्ष काय झाले, हे सांगणेच निदानात अधिक मोलाचे असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पाच मुलांपैकी सुमारे एकाची ॲलर्जी वाढत्या वयात जाते. ती गेली किंवा नाही हे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पाहावे.

सण, उपवास आणि जत्रा

आपल्या पंचांगात या मुलांच्या दृष्टीने सर्वांत कठीण दिवस कोणता, असे विचारल्यास उत्तर मिळेल : उपवासाचा. साबुदाण्याची खिचडी, वरीच्या तांदळाबरोबरची दाण्याची आमटी, दाण्याचा लाडू, राजगिऱ्याची चिक्की. फराळाच्या ताटातील बहुतेक पदार्थांत शेंगदाणा असतो. खिचडीत कुटाऐवजी ओले खोबरे घातले, तर तीच खिचडी सर्वांना एकत्र खाता येते, आणि कोकणी घरास ती परकीही वाटत नाही. संक्रांतीच्या तिळगुळात तिळाबरोबर शेंगदाणे असतात. चतुर्थीच्या नेवऱ्यांत व प्रसादाच्या पंचखाद्यात काजूचे तुकडे पडतात. मिठाईच्या पेटीत काजूकतलीशेजारी ठेवलेल्या साध्या पेढ्यालाही काजूचा अंश लागतो. जत्रेत खाजे आणि भाजलेले शेंगदाणे एकाच दुकानात, एकाच हाताने बांधून मिळतात.

प्रसाद नाकारणे अनेकांना जड जाते. त्यावर उपाय सोपा आहे. प्रसाद दोन्ही हातांनी घ्यावा, कपाळी लावावा आणि घरातील वडिलांच्या हाती द्यावा. मुलाच्या हाती फूल किंवा केळे द्यावे, अशी विनंती पुजाऱ्यांना केल्यास ते नाही म्हणत नाहीत. देवस्थान समित्यांनी महाप्रसादाच्या वेळी कोणत्या पदार्थात काजू वा शेंगदाणे आहेत हे फळ्यावर लिहिले, तर त्यास खर्च काहीच येणार नाही.

शाळेचे कर्तव्य

शिक्षकांकडे मुलाचे छायाचित्र, ॲलर्जीचा पदार्थ, लक्षणे, द्यावयाचे औषध आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक असलेला एक कागद असावा. औषध कुलूपबंद कपाटात न ठेवता सर्व शिक्षकांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावे. मध्यान्ह आहार पुरवणाऱ्या महिला मंडळाला लेखी कळवावे. वाढदिवसाच्या दिवशी वर्गात खाऊ वाटण्याऐवजी पेन्सिल वाटता येते.

मुलाला मात्र वेगळ्या कोपऱ्यात बसवू नये. त्याच्या डब्यात शेंगदाणा टाकून गंमत पाहण्याचे प्रकार मुलांत घडू शकतात. ही गंमत नसून जिवाशी खेळ आहे, हे वर्गाला एकदा शांतपणे समजावून द्यावे. मुले समंजस असतात. कारण कळले म्हणजे तीच आपल्या मित्राची राखण करतात.

प्रवासाची तयारी

वर उल्लेखिलेल्या कुटुंबाची आषाढीला पंढरपूरला जाण्याची प्रथा होती. मुलाच्या दुखण्यानंतर ती दोन वर्षे खंडित झाली. तिसऱ्या वर्षी त्यांनी जाण्याचे ठरवले, आणि त्यांची तयारी इतरांस मार्गदर्शक ठरावी अशी होती.

त्यांनी प्रथम डॉक्टरांकडून पत्र घेतले आणि ॲड्रेनलीनच्या दोन मात्रा सुयांसह एका पिशवीत ठेवल्या. ही पिशवी सामानात न बांधता सतत आईच्या खांद्यावर होती. औषध उन्हापासून व उजेडापासून दूर ठेवावे लागते. उभ्या मोटारीत ते ठेवून जाऊ नये, बर्फातही घालू नये. मुदत संपलेले किंवा तपकिरी झालेले औषध टाकून द्यावे. दुसरी गोष्ट, दोन दिवस पुरतील अशा दशम्या, गूळपोळ्या, चुरमुरे आणि फळे घरून घेतली. तिसरी गोष्ट, मार्गावरील रुग्णालयांची यादी केली : मडगावचे जिल्हा रुग्णालय, बेळगावचे जिल्हा रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय. वारीच्या काळात आरोग्य खात्याची तात्पुरती उपचार केंद्रे असतात, त्यांचीही त्यांनी पोहोचताच चौकशी केली.

आगगाडीत बसताच त्यांनी आसन व खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसली, कारण डब्यात शेंगा खाऊन टरफले टाकण्याची सवय सर्वत्र आहे. समोरच्या प्रवाशांना मुलाची प्रकृती आपणहून सांगितली. एका आजोबांनी उघडलेली शेंगांची पुडी गुंडाळून पिशवीत ठेवली. कोणी रागावले नाही. गाडीत प्रकृती बिघडल्यास तिकीट तपासनिसास कळवावे किंवा १३९ या रेल्वेच्या क्रमांकावर संपर्क साधावा. औषध देण्यासाठी मात्र पुढील स्थानकाची वाट पाहू नये.

उपाहारगृहात "यात शेंगदाणे आहेत का?" एवढेच विचारून भागत नाही. वाढणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि तो सहज "नाही" म्हणतो. स्वयंपाक करणाऱ्याला विचारावे. वाटण कशाचे, तेल कोणते, हे विचारावे. 'शाही', 'कोर्मा', 'मखनी' अशा नावांच्या रश्शांत बहुधा काजूची पेस्ट असते. साधा भात, वरण आणि ताजी पोळी हे त्या मानाने सुरक्षित जेवण होय. बंद पाकिटांवरील मजकूर प्रत्येक वेळी वाचावा. २०२० च्या केंद्रीय लेबलिंग विनियमांनुसार शेंगदाणे, काजू-बदामादी कवचफळे इत्यादींचा उल्लेख पाकिटावर करणे बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनीही ही माहिती ग्राहकांस देणे आवश्यक आहे. सुट्या मिठाईवर मात्र असा मजकूर नसतो.

वेष्टनावरील एका शब्दाचे मोल किती असते याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. २०१६ साली नताशा एदनान-लापेरूज ही १५ वर्षांची मुलगी लंडनहून फ्रान्समधील नीस शहरी विमानाने जात होती. तिला तिळाची ॲलर्जी होती. विमानतळावर घेतलेल्या पावाच्या कणकेत तीळ होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. इंजेक्शने देऊनही ती वाचली नाही. तिच्या मातापित्यांच्या प्रयत्नांमुळे दुकानातच तयार करून बांधलेल्या खाद्यपदार्थांवरही सर्व घटक लिहिण्याचा कायदा तेथे ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला.

विमानप्रवासाविषयी पालकांना अधिक भीती वाटते. दाण्यांचा अंश हवेच्या यंत्रणेतून विमानभर पसरतो याला पुरावा नाही, असे ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसून आले. धोका आहे तो आसनाला व समोरच्या फळीला चिकटलेल्या अंशाचा. म्हणून तेथेही पुसणे हाच उपाय.

नव्या मातापित्यांसाठी

ॲलर्जी टाळण्यासाठी तान्ह्या मुलांना शेंगदाणे देऊ नयेत, असा सल्ला पूर्वी दिला जाई. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली धोका अधिक असलेल्या मुलांसाठी तो दिला आणि २००८ साली मागे घेतला. त्याच वर्षी असे आढळले, की लंडनमधील ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्रायलमधील मुलांच्या सुमारे दहापट आहे. आणि इस्रायलमध्ये मुलांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ मिळतो. पुढे गिडिअन लॅक यांच्या चमूने ६४० बालकांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले : लवकर शेंगदाणा खाऊ लागलेल्या मुलांत पाचव्या वर्षी ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली.

म्हणून निरोगी बाळास वरचे अन्न सुरू झाल्यावर दाण्याचे बारीक कूट पेजेत मिसळून देण्यास हरकत नाही. बाळास तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांच्या आतील कोणत्याही मुलास देऊ नये. तो घशात अडकतो.

समारोप

ते कुटुंब पंढरपूरहून सुखरूप परतले. एकादशीच्या दिवशी धर्मशाळेत शेजारच्या बाईंनी मुलापुढे राजगिऱ्याचा लाडू धरला. सहा वर्षांच्या त्या मुलाने हात मागे घेऊन विचारले, "यात दाणे आहेत का?" बाई क्षणभर चकित झाल्या, मग त्यांनी लाडू बाजूला ठेवून त्याला केळे दिले. आजी हे पाहत होती. त्या रात्री, दोन वर्षांनंतर प्रथमच, तिने खोबरे घातलेली खिचडी आपल्या हाताने त्याला भरवली.

मुलाला घरात कोंडून ठेवणे हा या विकारावरचा उपाय नव्हे. घराने जाणावे, शाळेने जाणावे, गावाने जाणावे. औषध जवळ असावे आणि ते देण्यास विलंब होऊ नये, एवढे झाले की हे मूल इतर मुलांसारखे वाढू शकते. आग्रह ही आपली रीत आहे, ती राहू द्यावी. फक्त वाढण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, आणि मूल "नको" म्हणाले तर त्या शब्दाचा मान राखावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील वा अंगणवाडीतील कोणत्या मुलास अन्नाची ॲलर्जी आहे, याची नोंद आहे काय?
२. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात ॲड्रेनलीन उपलब्ध आहे काय, आणि रात्रीच्या वेळी तेथे कोण असते?
३. गावच्या पुढील उत्सवात प्रसादाच्या पदार्थांची नावे व घटक फळ्यावर लिहिण्याची जबाबदारी कोण घेईल?
४. गांधी उठल्या असता केवळ घरगुती उपाय करून थांबणे केव्हा धोक्याचे ठरते?